घाटकोपरचा ओला नाच

लोकांना वाटतं, सांस्कृतिक खात्यात नोकरी म्हणजे मज्जाच मज्जा. पुढच्या रांगेत बसायचं, केसात गजरा, समोर नाटक, मध्यंतरात फुकटचा बटाटावडा. माझ्या नणंदेला तर मी निवृत्त होईपर्यंत ठाम वाटत होतं की मला नाटकांचे पास मिळतात आणि मी ते मुद्दाम तिच्यापासून लपवते. अहो कसले पास आणि कसलं काय! मी होते पाहणी अधिकारी. उपनगरांतली एखादी मंडळी अर्ज करायची, की आमच्या घरात अमुक पारंपरिक कला पिढ्यान् पिढ्या जपली आहे, तर शासनाने आम्हाला मान्यता द्यावी. मग मी पिशवीत पाण्याची बाटली टाकून मुलुंडहून निघायची, त्यांच्या घरी जाऊन ती कला बघायची आणि परत येऊन साहेबांना सांगायची, खरी आहे की बनावट. मान्यता मिळाली की शाल, नारळ, मानपत्र आणि दारावर लावायला पत्र्याची पाटी, ‘शासनमान्य परंपरा’. त्या पाटीसाठी लोक काय काय करायचे, बाई गं!

पाहणी म्हणजे मुलगी बघायला जाण्यासारखंच असायचं. पोहे यायचे, घरातलं भांडण तेवढ्यापुरतं थांबायचं, आणि सगळे जरा जास्तच गोड बोलायचे. खरं-खोटं ओळखायची माझी एक साधी रीत होती. मी विचारायची, ‘हे असं का करता?’ बनावट माणसाकडे उत्तर तयार असतं. बोरीवलीच्या एका सोसायटीत एक गृहस्थ आपल्या चार भाच्यांना घेऊन ‘प्राचीन युद्धनृत्य’ करायचे. हे पाऊल म्हणजे पृथ्वी, ते पाऊल म्हणजे आकाश, ही ढाल म्हणजे सूर्य. मी ढाल हातात घेऊन बघितली आणि विचारलं, ‘आणि ही शिटीची जागा म्हणजे काय?’ कुकरचं झाकण होतं ते. गृहस्थ घाम पुसायला आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. त्यांच्या बायकोने मात्र मला खाली रिक्षापर्यंत सोडलं आणि म्हणाली, ‘बरं झालं हो मॅडम, आता वरण तरी शिजेल.’

खऱ्यांचं वेगळं असतं. एका कोळीवाड्यात बायका नाचताना गर्रकन डावीकडेच वळायच्या, उजवीकडे कधीच नाही. मी एका म्हातारीला कारण विचारलं. ती माझ्यावरच खेकसली, ‘उजवीकरं म्हावरं सुकाला घातलंय, दिसत नाय काय?’ तिच्या आजीच्या वेळेपासून तिथे मासळी सुकत होती, म्हणून आजीही डावीकडे वळायची. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

तर ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या कार्यालयात घाटकोपरहून एक अर्ज आला. अर्जदार वसंत मयेकर, विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर. ‘आमच्या घराण्यात तीन पिढ्या फ्लेमेंको हा स्पेन देशाचा नाच जपलेला आहे, तरी पाहणी व्हावी.’ आमचे टंकलेखक नाईक फार हुशार. समोरच्याचं शुद्धलेखन सुधारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यांनी टाइप करताना ‘फ्लेमेंको’चं ‘फ्लेमिंगो’ केलं, ‘नाच’ हा शब्द त्यांना त्या वाक्यात जमेना म्हणून तो गाळला, आणि पक्ष्याचं प्रकरण आहे असं समजून कागद सरळ जंगलखात्याकडे पाठवून दिला.

मग काय, एका दुपारी खाकी कपड्यातला एक गार्ड घाटकोपरच्या चाळीत जाऊन उभा राहिला. ‘लांब पायाचे पक्षी कुठं ठेवलेत? तीन पिढ्या पाळताय म्हणे.’ घरात वसंताची आई, द्वारकाबाई, एकट्या होत्या. त्यांनी आपले पाय बघितले, गार्डचे पाय बघितले, आणि म्हणाल्या, ‘माजे पाय हे इतकेच आसत.’ खालच्या मजल्यावर शांतिभाई राहायचे, चाळ कमिटीचे चेअरमन. त्यांच्याकडे पिंजऱ्यात पोपट होता. सरकारी माणूस पक्षी शोधत आलाय म्हटल्यावर त्यांनी घाबरून पोपट पिंजऱ्यासकट संडासात नेला आणि स्वतःही आत बसून कडी घातली. चाळीला संडास मोजके. गार्ड चहा पिऊन, सगळ्यांशी गप्पा मारून आरामात गेला, तोवर दाराबाहेर हीऽ रांग! आतून पोपट ओरडतोय आणि बाहेरून लोक ओरडताहेत, ‘अरे कोण आहे आत, बाहेर ये ना!’

त्या संध्याकाळी शांतिभाईंनी कमिटी भरवली. मयेकरांच्या नाचाचा त्यांना आधीपासूनच जाच होता, कारण नाच वर चालायचा आणि पाणी खाली गळायचं. हो, पाणी. त्याचं सांगतेच. तर ठराव झाला, की दिवाळीपर्यंत मयेकरांनी सरकारचा कागद आणून दाखवावा, नाहीतर नाच कायमचा बंद. वसंता आमच्या ऑफिसात येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. ‘मॅडम, तुमच्या त्या पक्ष्याने आमची वाट लावली,’ म्हणाला. खरंच होतं ते. मी दुसऱ्याच दिवशी घाटकोपर गाठलं.

पहिल्या मजल्यावरची दीड खोली. वसंता, त्याची बायको मंगल, आणि द्वारकाबाई. साठी उलटलेली, काटक, काष्ट्याचं लुगडं, आणि नजर अशी की आपण चप्पल काढली की नाही हे आपणच परत तपासावं. नाचाची तयारी चालू झाली. वसंताने मांडीवर बेंजो घेतला. हा बेंजो म्हणजे आपल्या वरातीत वाजतो तो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. मंगलच्या दोन्ही हातांत नारळाच्या करवंट्या. आधी वसंताने गळा काढला, ‘आऽय! आऽय! आय आय आऽय!’ त्याबरोबर दोघी बायका हात जोडून डोळे मिटून उभ्या. मी हळूच विचारलं, हे काय? मंगल म्हणाली, ‘आईचं स्मरण, मॅडम. तिकडचे लोक आईला फार मानतात. गाणं तिच्याशिवाय सुरूच करत नाहीत.’

मग द्वारकाबाईंनी पदर खोचला, हात वर नेले आणि पाय आपटायला सुरुवात केली. करवंट्या कडाडल्या. जरा रंग चढला तसा वसंता ओरडला, ‘ओले!’ मंगलही ओरडली, ‘ओले! ओले!’ आणि तिने कोपऱ्यातली कळशी उचलून भस्सकन फरशीवर ओतली. मी पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली. आता द्वारकाबाई पाण्यात नाचत होत्या, गुडघे वाकवून, अख्खा तळवा दणकन टाकत, फटाक फटाक, आणि शिंतोडे भिंतीवर, बेंजोवर, माझ्या इस्त्रीच्या साडीवर. खालून काठीने छत ठोकल्याचा आवाज आला. शांतिभाईंच्या चहात गळलं होतं.

नाच संपल्यावर मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ‘द्वारकाबाई, हे पाणी का ओतता?’

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. ‘गो बाय, इतकी शिकलेली मा तू? ते ओले ओले म्हणान बोंबलतत, मगे ओला नको करूक?’

मी जीभ चावली. ‘ओले’ ही त्या लोकांची वाहवा म्हणायची पद्धत, हे मला कुठेतरी वाचलेलं माहीत होतं. पण त्या बाईंच्या तोंडावर ते सांगायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, पहिल्यापासून सांगा.

गोष्ट अशी. द्वारकाबाईंचे वडील बाबी मयेकर, मालवणकडचे, बोटीवर खलाशी. (द्वारकाबाईंचं लग्न लांबच्या मयेकरांतच झालेलं, त्यामुळे आडनाव तेच.) त्यांच्या बोटीचं इंजिन मोडलं आणि स्पेनच्या कादिझ बंदरात ती किती तरी महिने पडून राहिली. खलाशांना काम नाही. बाबी रोज धक्क्यावरच्या लोकांचा नाच बघायचा. बघता बघता शिकला. घरी आल्यावर गणपतीत गावापुढे नाचून दाखवला. बाबीची बायको कौतुकाने बघत होती. नवरा मध्येच ‘ओले! ओले!’ ओरडायला लागला. शेणाने सारवलेल्या जमिनीची धूळ उडत होती, तिला वाटलं पाणी मारायला सांगतोय, तिने तांब्या ओतला. धूळ बसली, बाबीचे पाय गार झाले, त्याने बायकोला काही समजावलं नाही. तेव्हापासून पाणी.

‘आणि गाव काय म्हणालं?’ मी विचारलं.

वसंताच बोलला, ‘गाव हसलं. म्हणे बाबी कसला स्पेनला जातोय, मुंबईला भाऊच्या धक्क्यावर बसून आला असेल. मयेकर नाव पुसून थापेकर ठेवलं त्यांचं. आईला शाळेत सगळे थापेकरणी म्हणायचे. मारकुटी झाली ती त्यानेच.’

‘बापूस मरासर त्येका लोकांनी खोटो पाडल्यानी,’ द्वारकाबाई म्हणाल्या. ‘माका शाल नको, नारळ नको. चाळ माका कायव म्हणांदे. सरकारान इतक्याच लिवून दिवचा, हो नाच स्पेनाचो आणि बाबी मयेकर थय गेल्लो. तो कागद मी गावात नेऊन देवळात वाचून दाखवतलंय.’

त्या वेळी मला त्या बाईचा राग कळला. आपल्या बापाला कोणी खोटारडा म्हटलं आणि आपल्याला आयुष्यभर काहीच सिद्ध करता आलं नाही, तर कसं होईल? मी त्यांना शब्द देऊन आले. नोकरीत असा शब्द द्यायचा नसतो, पण माझं तोंड माझ्या आधी धावतं.

ऑफिसात आपटेसाहेब. माणूस भला, पण ‘मातीतलं’ या शब्दाचं त्यांना फार वेड. चहासुद्धा मातीतला असता तर त्यांना आवडला असता. ते म्हणाले, ‘स्पेनचा नाच? अहो मॅडम, महाराष्ट्र शासन स्पेनच्या नाचाला मान्यता देणार? उद्या स्पेनवाले लावणीला देतील.’ मी म्हटलं, ‘देऊ द्या की, बिघडलं कुठं?’ ते म्हणाले, ‘नियम बघा. आपल्या मातीतलं पाहिजे. तुम्ही तज्ज्ञाचा अभिप्राय आणा. स्पेनचा निघाला तर अर्ज रद्द.’

झाली का पंचाईत! नाच खरा निघाला तर मान्यता नाही. खोटा निघाला तर मान्यता. आणि द्वारकाबाईंना हवं होतं खरेपण. मी साहेबांना हे समजावायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही जरा पाणी प्या.’ पाण्याचं नाव काढल्यावर मला काय वाटलं असेल!

आता मुंबईत स्पॅनिश नाचाचा तज्ज्ञ आणायचा कुठून? पण वसंताच्याच कारखान्यात एक स्पॅनिश इंजिनीअर आला होता, नवीन मशीन बसवायला. त्याची बायको पिलार. लहानपणापासून नाच शिकलेली, विक्रोळीला कंपनीच्या बंगल्यात दिवसभर कंटाळून बसलेली. मी बोलावल्यावर उड्या मारत आली. गोरीपान, उंच, मोडकंतोडकं हिंदी बोलायची, बाकी इंग्रजी. माझं इंग्रजी सरकारी. पण दोन बोलक्या बायकांना भाषेची अडचण होत नाही.

चाळीत ती आली तेव्हा जत्रा जमली. द्वारकाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. माझ्या कानात म्हणाल्या, ‘आज माज्या बापसाचो निकाल.’

आऽय आऽय झालं, हात जोडून झाले, कळशी ओतली गेली. फटाक फटाक चालू झालं. मंगल साताऱ्याची, शाळेत लेझीम खेळलेली, त्यामुळे तिच्या पावलांत मधूनच लेझीम शिरायचं. पिलार आधी गंभीर होती. मग तिने मला विचारलं, ‘पाणी का?’ मी सांगितलं, कारण तुम्ही लोक ओले म्हणता, आणि आमच्या भाषेत ओले म्हणजे भिजलेलं. ती दोन क्षण बघत राहिली आणि मग अशी हसली, अशी हसली, की तिच्या कपातला चहा तिच्याच मांडीवर सांडला. बाहेर चाळीतली पोरंसोरंही उगाच हसायला लागली.

द्वारकाबाई थांबल्या. पाण्यात तशाच उभ्या राहिल्या.

पिलार बिचारी ओशाळली, उठून त्यांच्या गळ्यात पडली. म्हणाली, सुंदर आहे, फार सुंदर. पण हे आमचं नाही. आमच्यात टाच बोलते. ओल्या जमिनीवर टाच टाकली की माणूस घसरणार, म्हणून या सबंध तळवा टाकतात, वाकून. हा वेगळाच नाच आहे. मी बघितलं, आणि मलाही दिसलं. चिखलात भात लावायला उतरलेल्या बायका चालतात ना, तस्सं होतं ते.

मला ते भाषांतर करून सांगावं लागलं. द्वारकाबाईंनी ऐकून घेतलं, लुगडं पिळलं आणि मोरीत जाऊन बसल्या. चहाचे कप घ्यायलासुद्धा बाहेर आल्या नाहीत.

इकडे आपटेसाहेब आनंदाने टेबलावर बुक्की मारून उठले. ‘झकास! स्पेनचा नाही म्हणजे आपलाच! भाताची लावणी म्हणता? अहो, म्हणजे मातीतलाच की हो! नाव द्या, ओल्याचा नाच, कोकण.’ मला पहिल्यांदा वाटलं, साहेबांच्या डोक्यावर एक कळशी ओतावी.

मान्यतेचा कागद घ्यायला द्वारकाबाईंनी साफ नकार दिला. ‘माजो नाच ऱ्हवतलो आणि बापूस खोटो ठरतलो? नको माका.’ वसंता समजावून थकला. शेवटी मंगल बोलली. ती पोळ्या लाटता लाटताच म्हणाली, ‘आई, नाच बंद पडला तर आजोबा खरे होते की थापाडे होते, हे विचारणारं तरी कोण उरेल?’ द्वारकाबाईंनी तिच्या हातातलं लाटणं घेतलं आणि उरलेल्या पोळ्या स्वतः लाटल्या. मग हो म्हणाल्या. पण माझ्याशी बोलणं सोडलं. मी घरी गेले की भिंतीला सांगायच्या, ‘चाय पितत तर प्या म्हणा.’

समारंभ मुलुंडच्या एका हॉलमध्ये. प्रमुख पाहुणे म्हणून एक पुढारी, ज्यांना आणखी दोन उद्घाटनं गाठायची होती. परदेशी पाहुणी पुढच्या रांगेत शोभते म्हणून साहेबांनी पिलारला बोलावलेलं. शांतिभाईही आले होते, कोट घालून, कारण चेअरमन म्हणून त्यांचं नाव घेतलं जाईल असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

मंगल कळशी घेऊन स्टेजवर चढली आणि हॉलचा वायरमन बबन आडवा आला. ‘ओ ताई! पाणी कुठं? खाली सगळ्या वायरी आहेत. एक थेंब पडला तर पाहुण्यांसकट सगळे वर जातील.’ खूप हुज्जत झाली. शेवटी कळशी बाहेर आणि बबन स्टेजच्या कडेला मेन स्विचपाशी पहारा देत उभा. वर लाकडी फळ्यांतून खिळे वर आलेले, म्हणून मंगलने सासूच्या पायात बळेच आपल्या कोल्हापुरी चढवल्या. कडक टाचेच्या, करकरीत नव्या.

द्वारकाबाई आयुष्यात पहिल्यांदा सबंध नाच कोरड्यावर करायला उभ्या राहिल्या. चेहरा असा, की कसंतरी उरकून घरी जाऊ. वसंताने आऽय आऽय केलं. त्यांनी पाय टाकला.

टक्!

त्या स्वतःच दचकल्या. परत टाकला, टक्, टक्. घसरायची भीती नव्हती, त्यामुळे गुडघे आपोआप ताठ झाले, पाठ सरळ झाली, मान वर गेली. लहानपणी अंगणात बापाला एकट्याला नाचताना बघितलेलं असेल, पाणी पडायच्या आधीचं, ते कुठून तरी पायांत उतरायला लागलं. लाकडी फळ्या वाजायला लागल्या. टाच, चवडा, टाच, टाच. मंगलचं लेझीम आपोआप मागे पडलं, ती नुसती बघत राहिली. मी पडद्याआड उभी होते. हे काहीतरी वेगळंच चाललंय, एवढं मलाही कळत होतं.

आणि पुढच्या रांगेतून पिलार ताडकन उठली. दोन्ही हात वर करून किंचाळली, ‘ओले! ओले!’

बबनने ते ऐकलं. ओले! त्याला वाटलं, पाणी शिरलं. त्याने क्षणाचा विलंब न लावता मेन स्विच खाली ओढला.

गुडुप्प अंधार. माइक बंद, पंखे बंद. पाहुण्यांचा आवाज आला, ‘काय ओलं झालं? कोण ओलं झालं?’ शांतिभाई ओरडले, ‘मी नाय हां! मी नाय!’ आपटेसाहेब अंधारात कुणाच्या तरी पायावर पाय देत ‘शांतता राखा’ म्हणत होते. वसंताचा बेंजो थांबला होता.

पण टाचा थांबल्या नव्हत्या. आणि हळूहळू सगळा हॉल गप्प झाला, कारण त्या टाचांना कुणीतरी टाळी देत होतं. पिलार होती ती. टाळी साधी नव्हती, टाचेच्या मधल्या रिकाम्या जागेत नेमकी पडायची. द्वारकाबाईंनी ती ओळखली. पाय जरा थांबले, टाळीची वाट बघितली, परत निघाले. एक बाई वर, एक बाई खाली, आणि मध्ये मिट्ट काळोख. मी तिथे उभ्याउभ्या रडले. पुढची पंधरा-वीस वर्षं मी पाहण्या केल्या, पण असं काही बघितलं नाही. बघितलं म्हणजे, दिसत तर काहीच नव्हतं.

दिवे आले तेव्हा पिलार खुर्चीवर चढलेली होती आणि पाहुण्यांचा नारळ खाली पडून गडगडत चालला होता. ती धावत पडद्याआड आली, माझा दंड धरला आणि भडाभडा बोलायला लागली. मी चुकले, हे आमचंच आहे, अगदी आमचं, कादिझच्या धक्क्यावरचं, माझी आजी अशी टाच टाकायची. मागून आपटेसाहेब घाम पुसत आले. ‘मॅडम, बाई काय म्हणतायत? काही घोटाळा नाही ना?’

मी म्हटलं, ‘अस्सल आहे म्हणतायत, सर.’

‘अस्सल ना? मग झालं तर!’ साहेब खूश होऊन स्टेजवर गेले आणि पाहुण्यांच्या हस्ते ‘कोकणच्या मातीत जन्मलेला ओल्याचा नाच’ असं मानपत्र वाचून देण्यात आलं, जो नाच नुकताच ठणठणीत कोरड्यावर झाला होता. द्वारकाबाईंनी ते मानपत्र डॉक्टरची चिठ्ठी घ्यावी तसं घेतलं आणि पिशवीत घातलं.

मी त्यांना एका बाजूला नेऊन पिलार काय म्हणाली ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. ‘माका बरा वाटूचा म्हणान सांगतस. त्या दिवशी हसली ती, आज टाळयो मारता. गोरी माणसां ती, तेंका कायव आवाडता.’ कितीही सांगितलं तरी पटेना. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते समोर आलं तर घ्यायलाच तयार नाहीत. मला इतका संताप आला, की मी म्हटलं, ‘थांबा तुम्ही, तिलाच घेऊन येते.’

रविवारी सकाळी पिलारला घेऊन मी परत घाटकोपरला. दारावर पाटी लागली होती, ‘शासनमान्य परंपरा’. शांतिभाई आता चाळीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याला ती पाटी दाखवायचे, आणि त्यांनी आपल्या छताला आतून प्लॅस्टिकचं कापड ठोकून घेतलं होतं. तेही आमच्यामागून वर आले, बघायला.

पिलारने आल्याआल्या द्वारकाबाईंचे पाय धरले आणि मला सांग सांग म्हणून भुणभुण लावली. मी सगळं पुन्हा सांगितलं. द्वारकाबाईंनी ऐकलं, पण चेहरा हलला नाही. मग त्यांनी पदर नीट केला आणि मला म्हणाल्या, ‘नाचाचा ऱ्हवांदे. तिका मी एक इचारतंय. ता सांग म्हणा.’

‘विचारा.’

‘बापूस सांगायचो, थयसर रस्त्याच्या कडेक संत्र्याची झाडां. भरान संत्री लागलेली. खाली पडान सडतत, पण येणारोजाणारो कोण खाय नाय, म्हणान बापसानय कधी हात लावूक नाय. गाव हसान हसान लोळलो. म्हणाले, बाबी, रस्त्यार फळां आणि कोण खाय नाय? असो गाव असता खय? नाच एकवेळ खरो धरू, पण ह्या खोटा. माका पण ता खराच वाटला नाय कधी. बापूस मरताना माका म्हणालो, द्वारके, संत्री खरी होती गो. मी हो म्हटलंय. पण माका पटला नव्हता.’

वसंतानेही हे कधी ऐकलं नव्हतं. मी पिलारला जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. रस्ता, संत्र्याची झाडं, आणि कोणी खात नाही, हे खरं का?

पिलारने क्षणभर कपाळाला आठ्या घातल्या. मग तिचा चेहरा उजळला. तिने हवेतलं एक फळ तोडलं, चावा घेतल्यासारखं केलं, आणि डोळे गच्च मिटून, तोंड वेडंवाकडं करून थूऽ करून टाकलं.

‘कडवा!’ ती हिंदीत म्हणाली. ‘बहोत कडवा! कोई नहीं खाता!’

मला भाषांतर करावं लागलं नाही. द्वारकाबाई उठल्या. आधी पिलारचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट बघितला. मग भराभरा चालत बाहेर गॅलरीत गेल्या, कठड्याला धरून ओणव्या झाल्या आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, ‘कडू आसतत! कडू आसतत गो ती!’

खाली नळावरच्या बायका हंडे सोडून वर बघायला लागल्या. त्यातली एक ओरडून म्हणाली, ‘काय कडू गं, मावशी?’

‘संत्री!’ द्वारकाबाई म्हणाल्या. गालांवरून पाणी घळाघळा वाहत होतं आणि त्या हसत होत्या. ‘संत्री गो, संत्री! माजो बापूस खरो!’